क्रेनवाल्याचा इंग्रजी पाढा

माझा सगळ्यात उंच विद्यार्थी माझ्या खांद्याला लागायचा. तरी त्याला उंच म्हणतो, कारण दिवसाचे आठ तास तो सौदीतल्या तबूकच्या आभाळात बसलेला असायचा. त्याची क्रेन एवढी उंच, की खाली आम्ही चहा पिऊन कप धुऊन पालथे घातले तरी वर त्याची दुपार संपलेली नसायची. सकाळी शिडीला हात घालताना दाढी गुळगुळीत केलेली आणि वरच्या केबिनमध्ये पोचेपर्यंत गालांवर खुंट. हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण पाळी सुटून वर्गात येताना त्याचे गाल बघून दुसरा कुठला निष्कर्ष काढायचा, ते तुम्हीच सांगा.

मी अठरा वर्षं कराडजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. सौदीत इंग्रजी शिकवायला माणूस हवाय असं वाचलं, तेव्हा खजुरांची रांग, पांढरीशुभ्र शाळा आणि दारात मला सलाम करणारे हेडमास्तर एवढं सगळं मला जाहिरातीच्या पहिल्या दोन ओळींतच दिसलं. पुढच्या ओळी वाचायची गरज वाटली नाही. उतरल्यावर कळलं, की शाळा म्हणजे तबूकच्या पश्चिमेला डोंगरांच्या पायथ्याशी चाललेल्या एका मोठ्या बांधकामावरचं पत्र्याचं केबिन, आणि विद्यार्थी म्हणजे बावीस चिनी कामगार. सगळे बाप्ये. निम्मे माझ्या वयाचे, काही माझ्याहून मोठे.

"चीनला न जाता चीनला शिकवतोय मी," असं मी बायकोला फोनवर सांगितलं.

"बरं. आणि चीनला कळतंय का काही?" बायको म्हणाली.

तर या बावीस जणांत क्रेनवाला सगळ्यात ज्येष्ठ. बाकीचे त्याला शिफू म्हणायचे. आपल्याकडे मुरलेल्या कारागिराला उस्ताद म्हणतात तसं. मला ते लाओशी म्हणायचे, म्हणजे गुरुजी. मीही त्याला शिफूच म्हणायला लागलो. त्यामुळे वर्गात एक उस्ताद आणि एक गुरुजी समोरासमोर बसलेले असायचे, आणि दोघांपैकी कोणाला जास्त झोप येतेय याची चुरस लागायची.

कारण वर्ग भरायचा दुपारी चारला, पहिली पाळी सुटल्यावर. हिवाळ्याचे दिवस. खिडकीच्या काचेला उन्हासाठी पिवळा कागद चिकटवलेला, त्यातून आत यायचा तो उजेड मधासारखा दाट. प्रत्येकाच्या बाकावर गरम पाण्याचा थर्मास, झाकण किलकिलं, त्यातून वाफेची एक बारीक दोरी वर जायची. बावीस दोऱ्या. त्या दोऱ्यांच्या मागे बावीस चेहरे हळूहळू पुसट व्हायचे. माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. एकदा बाहेर धूळ अशी उठली, की दाराच्या फटीतून आत येऊन ती वर्गभर तरंगत राहिली. मी फळा सोडून त्या धुळीवरच बोटानं एक शब्द लिहिला आणि तो चांगला दहा मिनिटं हवेत टिकला. दोघांनी तो वहीत उतरवूनही घेतला.

शिफूला मी रोज एकच प्रश्न विचारायचो. आज वरून काय दिसलं? आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत व्हायचं. इथं मराठीत मांडतोय, मोडलेलं तसंच ठेवून.

"आज लांब हिरवे गोल," तो सांगायचा. तबूककडची शेतं ती. पाण्याचा लांबलचक नळ गोल फिरतो म्हणून पिकंही गोल. "गोल झोपलेले."

एका सकाळी धुकं पडलं. वाळवंटात धुकं म्हटलं तर गावाकडे कोणी विश्वास ठेवत नाही, पण तबूकला पडतं. त्या दिवशी समोरचा माणूस दिसेना. मी हाताला हात लावून हात माझाच आहे याची खात्री करून घेत होतो. चार वाजता शिफू वर्गात आला तो तोंडभर हसत.

"आज ढग खाली. मी वर. तीन क्रेन. जगात फक्त तीन माणसं," तो म्हणाला. आणि पुढं म्हणाला, "माझी खुर्ची बोट झाली."

मग त्यानं समुद्राचं सांगितलं. त्याचं गाव चीनच्या पार आतल्या भागात, कोरडं, मातीच्या डोंगरांचं. बावन्न वर्षांत त्यानं समुद्र बघितला नव्हता. विमानानं आला तेव्हा त्याची खिडकी पंखावर आली. आता इमारत वाढते तशी क्रेनही वाढते. मधे लोखंडाचा एक तुकडा घालायचा की क्रेन तेवढी उंच. या क्रेनला अजून दोन तुकडे बसायचे होते. त्याचा हिशेब होता, की ते बसले की पश्चिमेचा डोंगर खाली जाईल आणि पलीकडे तांबडा समुद्र दिसेल.

"अहो, शुक्रवारी बस जाते किनाऱ्यावर. दोन-अडीच तासांचा रस्ता. मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"नाही," शिफू म्हणाला. "माझ्या खुर्चीतून."

तीस वर्षं ज्या खुर्चीत बसून त्यानं दुसऱ्यांसाठी लोखंड उचललं, तिच्यातून त्याला एक गोष्ट स्वतःसाठी बघायची होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात फर्मान निघालं. क्रेनवाल्यांची तोंडी परीक्षा इंग्रजीत होणार. सुरक्षेची बारा वाक्यं, त्यांतली कुठलीही तीन विचारणार. पास झाला तर वर, नापास झाला तर खाली. आणि खाली शिफूसाठी काम नव्हतं. खाली म्हणजे फायनल एक्झिट, खलास, घरी.

बाकीचे दोन क्रेनवाले पंचविशीतले, फोनवर खेळ खेळून बोलण्यापुरतं इंग्रजी शिकलेले. त्यांची मला काळजी नव्हती. शिफूच्या डोक्यात मात्र इंग्रजी वाक्य शिरायचं, इकडेतिकडे बघायचं आणि बसायला जागा नाही म्हणून निघून जायचं. तीन आठवडे मी डोकं आपटलं. चित्रं काढली. हातात बादली लटकवून स्वतः क्रेन झालो. एक वाक्य आलं की आदलं गेलेलं असायचं.

मग एका दुपारी ते घडलं. सगळा वर्ग डुलत होता, मीही फळ्याला टेकलो होतो, आणि त्या गुंगीत मी ती बारा वाक्यं आमच्या प्राथमिक शाळेतल्या पाढ्यांच्या चालीवर म्हणायला लागलो. मुद्दाम नाही. माझं तोंड आपोआप बे एके बेच्या वाटेला लागलं. नंबर वन, चेक द हुक. नंबर टू, चेक द रोप. शेवटचा शब्द लांबवायचा, मान डोलवायची आणि पुढच्यावर उडी.

बावीस डोकी ताठ झाली. त्यांच्याकडेही शाळेत सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायची पद्धत, हे मला कुठं ठाऊक? दुसऱ्या फेरीला सगळा वर्ग माझ्याबरोबर. असा आवाज, की केबिनच्या पत्र्याचा एक स्क्रू निघून खाली पडला. रोज एक पडायचा. आठवडाभरात भिंती केवळ आमच्या पाठांतरावर उभ्या होत्या. आणि शिफू सगळ्यांत पुढे, डोळे मिटून, थर्मासवर ताल धरून, एक ते बारा, एका दमात, एकही चूक नाही.

मी हवेत होतो. त्या रात्रीच्या फोनवर बायकोला सांगितलं, की आपली पद्धत चीन घेणार बहुतेक.

परीक्षा घ्यायला आली ती बांधकामाच्या सुरक्षा विभागातली इंजिनियर. सौदी मुलगी, तिशीच्या आतली, पायघोळ काळ्या अबायावर पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. बोलणं मऊ आणि डोळे सगळं टिपणारे. शिफू कपडे इस्त्री करून आला होता. मी मागं उभा.

"वारा वाढला तर काय कराल?" तिनं इंग्रजीत विचारलं. हे सातवं वाक्य. मी मनात म्हटलं, आलं आपलं.

शिफूनं डोळे मिटले आणि सुरुवात केली, "नंबर वन, चेक द हुक..."

"फक्त वाऱ्याचं सांगा," ती म्हणाली.

शिफू थांबला. मान हलवली. आणि पुन्हा, "नंबर वन, चेक द हुक..."

तिसऱ्यांदाही तो हुकापासूनच निघाला. चौथ्या वाक्याशी पोचेपर्यंत तिनं हात वर केला होता. त्याच्या कपाळावर घाम, हिवाळ्यात. मला एका क्षणात कळलं की हे मी केलंय. सातचं वाक्य त्याच्याकडे होतंच, पण पहिल्या सहांच्या पाठीमागं. मधे दार नव्हतं.

"सर, तुम्ही यांना गाणं शिकवलंय," ती मला म्हणाली.

"ही आमच्याकडची पद्धत आहे, मॅडम. फार जुनी."

"पाठांतर मलाही कळतं. मी तेच करत मोठी झाले. पण लोखंड माणसांच्या डोक्यावर लोंबकळत असताना मी पहिल्यापासून ऐकत उभी राहू शकत नाही." तिनं पेनाला टोपण लावलं. "एक आठवडा देते. मग मला निर्णय लिहावा लागेल."

माझ्या खोलीत माझ्याबरोबर गुहागरकडचा एक फिटर राहायचा. दर्याकाठचा माणूस, घरचं सुकट भाजलं की आमच्या बरॅकीतले अर्धे लोक बाहेर पळायचे आणि उरलेले ताट घेऊन आत यायचे. मी तोंड पाडून बसलेला बघून तो म्हणाला, "काय वो मास्तर, चीन नापास?"

मी सगळं सांगितलं. वर म्हणालो, "साधी गोष्ट आहे. मधलं एक वाक्य सुटं उचलता येऊ नये? इतकं काय अवघड?"

"व्हय? मग सतरा साते किती, ते सांगा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न...

"ओठ हलतायत तुमचं," फिटर म्हणाला. "तिथला तो म्हातारा निदान मोठ्यानं तरी म्हणतो. तुम्ही चोरून."

चोरून. सबंध महाराष्ट्र चोरून म्हणतो. दुकानदार, मास्तर, कंडक्टर, सगळ्यांच्या पोटात पाढा पहिल्यापासून पळत असतो आणि ओठांवर फक्त उत्तर येतं. मी शिफूला अर्धीच पद्धत शिकवली होती.

मग सात दिवस आम्ही गप्प बसायचा सराव केला. असा इंग्रजीचा तास जगात कुठं झाला नसेल. चार वाजता पिवळ्या उजेडात आम्ही दोघं समोरासमोर. मी म्हणायचो, "वारा." शिफू डोळे मिटायचा, ओठ घट्ट, मान सहा वेळा हलकेच खाली. सहा वाक्यं पोटात. सातवं ओठांवर. बाकीचे एकवीस जण श्वास रोखून त्याच्या मानेकडे बघायचे. थर्मासच्या वाफाही थांबायच्या. पहिले दोन दिवस "हुक" हा शब्द त्याच्या तोंडून निसटायचाच. तिसऱ्या दिवशी थांबला. सातव्या दिवशी त्याची मान इतकी हलकी हलायची, की ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावी.

तरी तिला दिसली.

"वारा वाढला तर काय कराल?" तिनं विचारलं. मी मोजत होतो. एक, दोन... सहा. "विंड हाय, स्टॉप द लिफ्ट, क्लिअर द एरिया," शिफू म्हणाला. खणखणीत.

तिनं बारावं विचारलं. अकरा माना, मग उत्तर. बरोबर.

"सर, ते मोजतात का?" ती माझ्याकडे वळली.

"नाही हो, मॅडम," मी म्हणालो. "त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसानं स्त्रीला उत्तर देताना आधी सहा वेळा मान लववायची फार जुनी रीत आहे. आदर म्हणून."

"आणि बाराव्या प्रश्नाला आदर वाढतो?"

मी आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं त्याचं भिंतीवरचं चित्र वाचायला लागलो.

ती रागावली नाही. तिनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "मला यांना खाली उतरवायचं नाहीये. इथं कोणाचाही हात यांच्याइतका स्थिर नाही, हे मला माहीत आहे. पण वारा सहा माना थांबणार नाही." आणि शिफूला हातानं वर दाखवलं. "वर जा. मी खालून विचारते."

शिफू चढला. खूप वेळ चढत होता. एका टप्प्यानंतर शिडीवरचा माणूस दिसेना, फक्त शिडी थोडी दाट झाल्यासारखी वाटायची. आम्ही दोघं खाली, तिच्या हातात रेडिओ. तिसरा प्रहर, सावल्या लांब आणि निळसर, कुठंही पान हलत नव्हतं. पानच नव्हतं म्हणा. रेडिओ खरखरला. पोचला.

"वाऱ्याचं?" तिनं विचारलं आणि बटणावरचं बोट उचलायच्या आत वरून उत्तर.

"दोर घासलेला दिसला तर?" उत्तर. "सिग्नलवाला दिसेनासा झाला तर?" उत्तर. वरच्या काचेपलीकडे हुक, दोर, वाऱ्याचं मीटर, खालून हातानं खुणा करणारा सिग्नलवाला, सगळे आकडे आपापल्या जागी टांगलेले होते. त्याला पहिल्यापासून निघायची गरजच नव्हती. त्याच्या नजरेला फक्त वळायचं होतं.

ती पुढचा प्रश्न शोधत होती, तेवढ्यात रेडिओ आपणहून बोलला. "ग्राउंड. विंड हाय. स्टॉप द लिफ्ट. क्लिअर द एरिया."

तिनं माझ्याकडे बघितलं. "हे मी परत विचारलं का?"

"नाही."

समोरच्या खांबावरचं फडकं गपगार लोंबत होतं. पण ती मागं सरली आणि शिट्टी वाजवून तिनं शेजारच्या क्रेनच्या लोकांनाही हटवलं. आम्ही भिंतीच्या आडोशाला गेलो. पश्चिमेच्या डोंगराचा रंग हळूच मळकट झाला, मग डोंगर नव्हताच. मी शपथेवर सांगतो, मी खिशातली एक गोळी संपूर्ण चघळून खाल्ली तेव्हा कुठं ते फडकं हललं. मग धूळ आली. त्या धुळीतच तिनं भिंतीवर कागद टेकवून सही केली. शाई आणि वाळू एकत्र वाळली.

पुढं दोन्ही तुकडे बसले. दुसरा बसला त्या दिवशी माझा वर्ग भरलाच नाही. सगळे खाली अंगणात माना वर करून उभे. फिटरही आला. काम उरकल्यावर सिग्नलवाल्यानं रेडिओ माझ्या हातात दिला.

"शिफू, काय दिसतंय?" मी विचारलं.

खरखर.

"डोंगर खाली गेला," आवाज आला. "मागं डोंगर." थोड्या वेळानं, "त्याच्या मागं डोंगर."

आता या क्रेनला आणखी तुकडा नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एवढा बोलका माणूस. मी सांगू शकलो असतो, की संध्याकाळी झळ असते, सकाळी बघ, डावीकडे बघ, ती जी निळी रेघ आहे तोच. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते जगात सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं.

फिटरनं माझ्या हातातून रेडिओ घेतला. त्याचं इंग्रजी माझ्या वर्गात पहिल्या दिवशीच नापास झालं असतं.

"शिफू, माय हाऊस, सी," तो म्हणाला. "दाराच्या समोर. फ्रंट."

खरखर. "आता?"

"काय?"

"आता. तुझा समुद्र. आता कसा?"

फिटरनं घड्याळ बघितलं. भारत अडीच तास पुढं. बोटांवर काहीतरी मोजलं, तिथी असावी. त्याचे ओठ हलत होते, माझ्यासारखेच, चोरून.

"आता साडेसहा तिथं," तो मला म्हणाला. "भरती लागली असंल." मग रेडिओत, अगदी सावकाश, "वॉटर कमिंग. ब्लॅक. थोडा रेड, लास्टला. फोर बोट, गोइंग होम."

मोठी लोखंडी भुजा आभाळात शांत, पश्चिमेकडे तोंड करून. मग रेडिओ खरखरला.

"बोट चार?"

"चार."

"पुढं सांग," शिफू म्हणाला, आणि फिटर खाली वाळूत बसला, पाय पसरून, आणि सांगायला लागला.